पहिल्या वेढ्यातला चोर

१

एकोडीच्या राइस मिलची मोटर तिसऱ्यांदा जळाली, तेव्हा तिचा धूर साकोलीच्या ठाणेदाराच्या नाकात गेला अन् त्यानं शिंकून शिंकून तीन फायली उडवल्या, असं लोक सांगतात. शिंकांचं खरंखोटं देव जाणे. पण धुराच्या आधी यादोराव चेअरमनचा आवाज बाजारात पोचला होता, हे मात्र सोळा आणे खरं.

"पाहा गा, साऱ्यायनं पाहा! बाईच्या हातची मोटर!"

कुंताबाई आपल्या दुकानात मांडी घालून बसली होती. समोर कोण्या शेतकऱ्याचा पंप उघडा पडलेला, हातात तांब्याची तार. तिनं तार दातात धरली अन् चष्म्यावरून रस्त्याकडे पाहिलं. बैल जुंपलेलं खाचर दारात येऊन उभं राहिलं. खाचरात मोटर, मोटरीच्या बाजूले यादोराव, अन् यादोरावच्या पुढे दोन बोटं त्याच्या मिशा. मिशा अशा, की एका टोकावर कावळा बसला तर दुसरं टोक कानाले लागावं. गावच्या सहकारी मिलचा चेअरमन तो. मिल साऱ्या सभासदांची, पण चालायचा तो अशा तोऱ्यात की जणू बापानं आंदण दिली.

दुकानावर पाटी अजून कुंताच्या नवऱ्याच्या नावाची होती: तुलाराम मोटर वाइंडिंग. तुलारामले जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या आधीची दहा वर्षंही तांब्याच्या तारेच्या गुंड्या वळायचं, त्या मोटरीच्या खाचांत बसवायचं, वार्निश पाजायचं काम कुंताच करे. तुलाराम बाहेर बसून गिऱ्हाइकाशी बोले. मोटर चांगली चालली की लोक म्हणत, तुलारामची मोटर. जळाली तशी ती बाईची झाली.

"चेअरमनसाहेब," कुंता म्हणाली, "दसऱ्याले मिल सुरू झाली अन् चौथ्या दिवशी मोटर पहिल्यांदा जळाली. तवा तिच्यात कंपनीचीच तार होती. मी तिले बोटही लावलं नव्हतं."

"पहिल्या खेपेले नशिबानं जळाली. पुढच्या दोन खेपा तुह्या हातानं."

"वा! खराब झालं तं एकदा तुमचं नशीब, अन् दोनदा माहा हात!"

गर्दी हसली. यादोरावले ते हसणं मिरचीसारखं लागलं. त्यानं तिथंच हात वर करून सांगून टाकलं, की पंधरा दिवसांनी शनिवारी मंडईची जत्रा आहे, सारे सभासद मैदानात येतीलच, तीन वाजता सभा लावतो. ठराव एकच. सोसायटीच्या कोण्याही सभासदानं आपला पंप या दुकानात टाकायचा नाही.

अन् आजूबाजूच्या बारा गावांत सोसायटीचा सभासद नाही असा शेतकरी औषधालेही सापडला नसता. ठराव झाला की कुंतानं गुंड्या वळायचा फर्मा, कात्री, तारा साऱ्या भंगारात टाकायच्या अन् चौदा वर्षं शिकलेले हात मांडीवर ठेवून बसायचं.

"एकदा आत पाहू द्या मले," ती उठली.

"हात लावाचा नाही!"

हाताले बंदी होती, डोळ्यांले नव्हती. मोटरीचं झाकण आधीच निघालेलं होतं. कुंता खाचराजवळ गेली, पदरानं चष्मा पुसला अन् वाकली. ओझ्यानं जळालेल्या मोटरीच्या साऱ्या गुंड्या काळ्या कोळसा होतात. एक फेज गेली तर काही काळ्या, काही कोऱ्या. इथं दोन्ही नव्हतं. सारी तार हळदीच्या नवरीसारखी पिवळीधमक. फक्त जिथून वायर आत शिरते, तिथं गुंडीच्या पहिल्याच वेढ्यात एक काळं भोक. ज्वारीच्या दाण्याएवढं.

मागच्या दोन्ही खेपेले तिनं हेच भोक पाहिलं होतं. कंपनीच्या मूळ तारेतही, तिच्या स्वतःच्या तारेतही.

खाचर गेल्यावर ती पुटपुटली, "वाइंडिंग कायची खराब? दारातच कोनीतरी मारून राहिलं तिले."

२

कोण मारते, हे ओळखायले तिले फार वेळ लागला नाही. लागला तो नंतर.

ही मोटर होती उकडलेलं धान वाळवायच्या पंख्याची. धान ओलं असलं की पंखा जोरात पाहिजे, वाळत आलं की हळू, नाहीतर तांदळाचा चुरा होते. म्हणून मागच्या वर्षी मिलनं पंख्याचा वेग कमी-जास्त करणारी पेटी आणली होती. तिचं नाव ड्राइव्ह. पण ती जर्मनीहून आली म्हणून साऱ्या गावात तिचं नाव 'जर्मन' पडलं. जर्मन वाळवणीच्या शेडमध्ये बसवायची सोडून यादोरावनं आपल्या हाफिसात काचेच्या मागे बसवली. पाहुण्यांले दाखवायले! पंखा राहिला मिलच्या आवाराच्या त्या टोकाले, दोनशे हात दूर, अन् मध्ये लांबलचक वायर.

जर्मनच्या पायाशी एक लोखंडी खोकं होतं. तीन वायरी आत, तीन बाहेर. ते ठेवताना चार गडी लागले अन् त्यातल्या एकाची कंबर पोळ्यापर्यंत वाकडी होती. खोकं फिरत नव्हतं, उजेड देत नव्हतं, नुसतं 'घूं' करत एका जागी बसे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं घुम्या.

ते बसवायले पुण्याचा साहेब आला होता तेव्हा कुंतानं त्याले विचारलं होतं, "साहेब, हे कायले?"

साहेब भला माणूस. "बाई, हा चोक. ही पेटी मोटारीला वीज सलग देत नाही, तुकडे करून देते. वायर लांब असली की त्या तुकड्यांचा झटका मोटारीच्या तोंडाशी जाऊन दुप्पट होतो. हा मध्ये बसून झटका मवाळ करतो."

"म्हंजे शंकरपटातल्या बैलायच्या चाबकावानी? मुठीत जरासा हालते, अन् टोकाले फट्!"

"अगदी तसंच!" साहेब खूश झाला. "हा नसला तर टोकाला जे असेल त्याचं कातडं सोलून निघेल." अन् बाजूले उभ्या चेअरमनकडे वळून म्हणाला, "थोडक्यात, हा विजेला शिस्त लावतो." चेअरमनचं लक्ष तोवर चहाकडे होतं. त्यानं एवढंच शेवटचं ऐकलं.

आता पहिल्या वेढ्यातलं भोक म्हणजे चाबकाचं टोक. कुंताले पक्कं वाटलं की घुम्या जागेवर नाही. कोणीतरी उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिलवर गेली. दारात वायरमन धनीराम होता, बारीक माणूस, गळ्यात टेस्टर अन् डोळे सदा जमिनीवर.

"मावशी, आत जाता येत नाही. चेअरमनसाहेबानं सांगतलं, झाडूवालीशिवाय कोण्या बाईमानसानं पेटीपाशी यायचं नाही."

"काहून? पेटी लाजते?"

धनीराम हसला नाही. हसण्यासारखं असून माणूस हसत नाही, म्हणजे त्याच्या पोटात काही आहे. कुंतानं ते मनात ठेवलं अन् काचेले नाक लावलं.

आत जर्मनचे लाल दिवे लुकलुकत होते. अन् तिच्या पायाशी, कपाळाले शेंदूर, डोक्यावर दसऱ्याचा वाळलेला झेंडू, घुम्या बसला होता. तीन वायरी आत, तीन बाहेर. जसाच्या तसा.

राखणदार जागेवर, अन् घरात रोज चोरी! कुंताचं डोकं फिरलं.

३

पुढे दहा-बारा दिवस ती पंख्याचा आवाज ऐकत राहिली. मोटर चेअरमननं साकोलीच्या गोपीचंदकडे बांधायले दिली, हे तिले कळलंच होतं. चौथ्या दिवशी पंखा सुरू झाला. पाच दिवस चालला. मग बंद.

बंद पडला, पण यावेळी चेअरमन बाजारात आला नाही. खाचर आलं नाही. कोणी ओरडलं नाही. मंडई दोन दिवसांवर आली अन् सारं गपगार.

"आता काहून तोंड शिवलं यायचं?" कुंता म्हणाली अन् साकोलीची एस.टी. पकडली.

गोपीचंद तुलारामचा जुना दोस्त, धंद्यात मात्र कुंताचा वैरी. ती येताना दिसली तसा तो घाईघाईनं एका पोत्यावर बसला.

"या, या वहिनी! इकडे कशी वाट चुकली?"

"वाट नाही चुकली भाऊजी, मोटर चुकली. कुठी आहे?"

"कोनती मोटर?"

"ज्या पोत्यावर तुमी अंडे उबवून राहिले, त्याच्या खालची."

गोपीचंदचा चेहरा वांग्यासारखा झाला. उठला बिचारा. पोत्याखाली मिलची मोटर होती. कुंतानं यावेळी कोणाले न विचारता हात घातला. पिवळीधमक तार, अन् पहिल्याच वेढ्यात काळं भोक.

"कोनं बांधली होती हे?"

"...मीच."

"बाईच्या हातची आहे का मानसाच्या?"

"वहिनी, कायले मीठ चोळता? डबल कागद घातला होता मी. तीन खेपा वार्निश पाजलं. अशी मोटर माह्या बापजन्मात नाही गेली."

"मंग शनिवारी सभेत येऊन हेच सांगा."

गोपीचंद खाली पाहायले लागला. "चेअरमन म्हनले, तू चूप राहाशील तं पुढचं सारं काम तुलेच. अन् सांगतलं तं माहंही नाव खराब होते."

"अन् माहं नाव? ते का चुलबंद नदीत धुवून आनू मी?" कुंताचा आवाज इतका चढला की बाजूच्या हॉटेलातल्या माणसाच्या बशीतला चहा थरथरला. "मानसाच्या हातची जळाली तं पोत्याखाली, अन् बाईच्या हातची जळाली तं खाचरात घालून गावभर! नवऱ्याच्या दोस्ता, शाबास!"

गोपीचंदनं पोतं परत मोटरीवर ओढलं. पण ती पायरी उतरताना मागून हळूच म्हणाला, "वहिनी, मी मोटर लावाले मिलवर गेलो तवा धनीरामले म्हनलं, चोक उघडून दाखव. तो खोक्यापुढं आडवा उभा राहिला. म्हने, त्याले हात लावू नोका, मले पाप लागते."

४

परतीच्या एस.टी.त जागा मिळाली ती शकुनबाईच्या बाजूले. शकुनबाई मिलमध्ये झाडझूड करे, धान पसरवे, अन् तोंड चालू ठेवायच्या कामात तिले साऱ्या तालुक्यात जोड नव्हती. कुंताले कोणाच्या बोलण्याची गरज नव्हती, तिले विचार करायचा होता. पण शकुनबाई काय, गाडी सुरू व्हायच्या आधीच सुरू झाली.

"काय सांगू वं कुंते, यावर्षी मिलमधी सारं उलटंच. थंडा भात खाऊ खाऊ माह्या पोटात गोळा आला."

"घरून गरम नेत जा."

"घरून गरमच नेते! पन दुपारपर्यंत होते ना दगड. मागच्या वर्षी कशी मजा होती. डबा घुम्याच्या डोक्यावर ठेवला की जेवताना वाफ निघे. यावर्षी देव रुसला. ठेवला तसा थंडा."

कुंताची मान हळूच वळली. "पंखा चालू असतानाही थंडा?"

"तं काय सांगून राहिली मी? पंखा धडधड चालू, अन् घुम्या मेल्यासारखा थंडा. माहंच चुकलं असंन. दसऱ्याले नारळ मीच फोडला ना त्याच्या डोक्यावर. मले तवाच वाटलं, कुठी तरी इपरीत झालं."

"काय झालं?"

"मागच्या दसऱ्याले नारळ आपटला तं आवाज आला ठक्! जसा पाट्यावर आपटला. यावर्षी आपटला तं ढब्ब! जशी कोनी रिकामी कोठी वाजवली. मी म्हनलं, माय माय, देवाचं पोट फुगलं का काय!"

कुंता सीटवरून अशी उठली की तिचं डोकं वरच्या फळीले लागलं.

"फुगलं नाही वं शकुने. रिकामं झालं! पावसाळ्यात मिल बंद होती तवा कोनीतरी घुम्याचं काळीज काढलं अन् नुसतं कातडं ठेवलं. शेंदूर लावाले!"

"कोनं वं?" शकुनबाईचे डोळे बशीएवढे झाले.

"ते मी शोधते. तू फक्त एक कर. शनिवारी दुपारी हाफिसात झाडू माराले जाशील ना, तवा घुम्याले उचलून मंडईत आन."

"मी? अवं चार गडी लागले होते त्याले!"

"तवा लागले होते."

५

काळीज कुठं गेलं, हा प्रश्न राहिला. तांबं विकलं म्हणावं, तर धनीरामच्या घरी अजून मागच्याच वर्षीचं गळकं छप्पर. गोपीचंदले पाहिजे असतं, तर त्याची स्वतःची मोटर जळाली नसती. शनिवारी सकाळपर्यंत कुंता विचार करून करून थकली, अन् मग मंडईच्या मैदानात आली.

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे काय विचारता! पाळणे आले, गुळाच्या जिलबीच्या कढया चढल्या, दंडारवाले ढोलक्या तापवत होते. मैदानाच्या एका अंगाले नाटकाचा मंडप. नाटक गावच्याच मंडळाचं, अन् राजाचं काम कोणाचं, हे सांगायची गरज नाही. मिशा आधीच राजाच्या होत्या. मागच्या वर्षी राजाच्या सर्वांत मोठ्या भाषणाच्या वेळी व्होल्टेज पडलं. दिवे झाले बिडीच्या टोकाएवढे लाल, अन् अंधारातून कोणीतरी ओरडलं, "महाराज, कंदील आणू का?" त्या हशानं यादोराव आठ दिवस घराबाहेर निघाला नव्हता.

आज धनीराम शिडीवर चढून दिव्यांच्या वायरी बांधत होता. खाली, मंचाच्या मधोमध, लाल मखमल झाकलेलं सिंहासन.

"धनीराम, उतर खाली. बोलाचं आहे."

"लाइट चेक करून राहिलो मावशी. टाइम नाही."

"बरं बाप्पा. मंग मी बसते तोपर्यंत." अन् कुंताबाई सरळ जाऊन राजाच्या सिंहासनावर बसली.

धनीराम शिडीवरून पडता पडता राहिला. "मावशी! तथी नोका बसू!"

"काहून? मी राणीवानी नाही दिसत?"

"दिसता, दिसता, पन उठा!"

त्या गडबडीत त्याचा हात खटक्यावर पडला. मंचावरचे सारे मोठे दिवे एकदम लागले. अन् कुंताले ते कानानं नाही, बसल्या जागी कळलं. मखमलीच्या खालून, लाकडातून, हाडांपर्यंत.

घूं...

पत्र्यांचे बोल्ट सैल झालेल्या लोखंडाचा आवाज. चौदा वर्षं लोखंड अन् तांबंच हाताळलेल्या बाईले तो आपल्या लेकराच्या रडण्यासारखा ओळखू येते.

ती उठली. मखमल उचलली नाही. खीर शिजत असताना झाकण उचलत नाहीत. शिडीजवळ जाऊन एवढंच म्हणाली, "धनीराम, पाप तुहं नाही. पन तीन वाजता चूप बसला, तं ते तुहंच होईल."

६

तीन वाजता सारे सभासद मंचापुढे जमले. यादोराव अर्धा राजा होऊनच आला होता. अंगात जरीचा डगला, गालाले लाली, खाली धोतर. त्यानं ठराव वाचला. मग विचारलं, कोणाले बोलायचं आहे का? विचारायचं म्हणून विचारलं.

"मले," कुंता म्हणाली.

"तू सभासद नाहीस."

"ज्याले फाशी द्याची त्यालेही इचारतेत," मागून म्हातारे मारोतराव ओरडले. खराशी गावाकडचे, शंभर एकरांचे धनी, कोणाचं न ऐकणारे. "बोल वं बाई!"

कुंता मंचावर चढली.

"चार खेपा मोटर जळाली. चारही खेपा पहिल्याच वेढ्यात. ओझ्यानं जळाली असती तं सारी काळी झाली असती. वाइंडिंग कच्ची असती तं कुठंही गेली असती. दारातच जळते, म्हंजे मार बाहेरून येते."

"चार नाही, तीन!" चेअरमन म्हणाला.

"चौथीचं गोपीचंदभाऊजी सांगतीन. का पोतं आनू बसाले?"

लोक वळले. गोपीचंद मागे जिलबी खात उभा होता. त्याच्या गळ्यात जिलबी अडकली, का लाज, कोण जाणे. पण तो खोकला अन् म्हणाला, "मी बांधली होती. पाच दिवसांत गेली. तशीच. यात वहिनीचा दोष नाही, अन् माहाही नाही."

मैदानात कुजबुज उठली. यादोरावच्या एका मिशीचं टोक खाली आलं.

"लांब वायरीत वीज चाबकावानी फटकारते," कुंता पुढे म्हणाली. "तो फटका मधीच खाऊन घ्याले पुन्याच्या साहेबानं घुम्या बसवला होता. मागच्या वर्षी सारा हंगाम मोटर चालली का नाही? मंग यावर्षी काहून जळते?"

"घुम्या तं आहे ना जागेवर!" चेअरमन गरजला. "सारा गाव पाहते रोज! चार गड्यायचं ओझं, का मी खिशात घालून फिरतो?"

अन् नेमकं तेव्हाच गर्दी दुभागली. मधून शकुनबाई आली. तिच्या डोक्यावर चुंबळ, अन् चुंबळीवर शेंदूर लावलेला, झेंडू वाळलेला घुम्या. एका हातानं तिनं पदर सावरला होता, दुसरा हात मोकळा होता अन् त्यात शेंगा होत्या.

चार गड्यांचं ओझं एका बाईच्या डोक्यावर पाहायले मागचे लोक पाळण्यांवर चढले. शकुनबाईनं खोकं मंचावर टेकवलं. ढब्ब!

"आत वायरीले वायर जोडून ठेवली होती नुसती," ती शेंग फोडत म्हणाली. "मी कातडं उचललं अन् आनलं. लय हलका आहे वं देव."

"काळीज राजाच्या बुडाखाली आहे," कुंता म्हणाली. "धनीराम!"

धनीराम शिडीच्या आड लपला होता. पण तो आला. त्यानं यादोरावकडे पाहिलं नाही, कुंताकडे पाहिलं, अन् मखमल ओढली. सिंहासनाच्या खाली लोखंडी पत्र्यांचे तीन खांब, तिन्हींवर तांब्याचे वेढे. शिडीजवळच्या दोन गड्यांनी सिंहासन बाजूले केलं, कुंतानं रिकामं खोकं उचललं अन् वरून उपडं घातलं. लोट्यावर झाकण बसावं तसं बसलं. चारही बोल्टांची भोकं भोकांवर.

"मले काय मालूम!" यादोराव ओरडला. "पुन्याचा साहेबच म्हनला होता, हा इजेले शिस्त लावते. मी म्हनलं, नाटकाच्या लाइटचं व्होल्टेज सांभाळीन, म्हनून धनीरामले काढाले लावला. मिलमधी तं तो काहीच करत नव्हता, नुसता बसून राहे!"

मग कुंताले राग आला. आतापर्यंतचा नुसता वैताग होता.

"काहीच करत नव्हता? दिवसभर मार खाऊन राहिला होता तो, चूपचाप, म्हनून तुमचा पंखा फिरे! जे बोलत नाही ते काही करत नाही, असं तुमाले कोनं शिकवलं? जर्मनीहून पेटी आनली, पुन्याहून साहेब आनला, अन् आपल्या गावातल्या बाईले एक गोष्ट इचाराची लाज वाटली! बरं, अडानीपनाची मी माफी देते. धनीराम, मोटर कायनं जळते हे तुले कवा समजलं होतं?"

धनीरामनं गळ्यातला टेस्टर मुठीत धरला. मग तो एकदम बोलला. "दुसऱ्या खेपेलेच. मी चेअरमनसाहेबाले सांगतलं, चोक परत लावा. साहेब म्हनले, मंडई होऊ दे, मंग लावू. तवरी..." तो थांबला.

"तवरी काय?"

"तवरी बाईचं नाव सांग. कोनीही मानते."

जिलबीवाल्यानंही कढईतला झारा थांबवला. कोनीही मानते. अन् खरंच, साऱ्यांनी मानलं होतं. मारोतरावनंसुद्धा आपला पंप मागच्या हप्त्यात कुंताच्या दुकानातून परत नेला होता. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सुचत नाही तेव्हा म्हातारी माणसं तेच करतात.

"ठराव फाडा," ते म्हणाले. "अन् दुसरा लिहा. घुम्या आत्ताच्या आत्ता मिलमधी. मोटर कुंताबाई बांधीन. चेअरमनचं पुढच्या सभेत पाहू. पन आजच्या नाटकात राजा पडदा उघडल्यावर पहिल्यांदा हे बोलेल की मोटर कोनामुळं जळाली. खाचरात घालून गावभर सांगतलं होतं ना? मंग गावापुढंच बोलाचं."

"राजाच्या डगल्यात?" यादोरावचा चेहरा लालीच्याही पलीकडे लाल झाला.

"डगल्यात," कुंता म्हणाली. "मिशांसकट."

७

बोलला. बोलावंच लागलं. दिवे मागच्या वर्षीइतकेच होते, ना कमी ना जास्त. घुम्या असता तरी तेवढेच राहिले असते. फरक एकच झाला. खालचं काळीज गेल्यामुळं सिंहासन हातभर खाली बसलं, अन् त्या मंडईत एकोडीचा राजा हातभर बुटका निघाला. कोणी म्हणते हातभर, कोणी म्हणते दोन हात. पुढच्या मंडईपर्यंत तो मंचावर दिसेनासा होईल, असा लोकांचा अंदाज आहे.

मोटर कुंतानं बांधली. साधा एकेरी कागद, रोजच्यासारखं वार्निश, काहीच जास्तीचं नाही, मुद्दाम. पंखा सुरू करताना धनीरामनं तिले हाफिसात बोलावलं अन् खटका तिच्याच हातानं दाबायले लावला. जर्मनचे दिवे लागले. दोनशे हातांवर पंखा घुमला. अन् पायाशी, बोल्ट आवळलेला, शेंदूर लावलेला तो हळूच बोलला. घूं.

दुपारपर्यंत कुंता तिथंच बसून राहिली. मोटर बंद पडते का पाहायले, असं ती म्हणाली. एक वाजता शकुनबाई आली, घुम्याच्या डोक्यावरचा डबा उचलला अन् झाकण काढलं. वाफ निघाली.

"घे वं," ती म्हणाली. "घुम्याच्या हातचा."

कुंतानं घास घेतला. भात गरम होता. मीठ कमी होतं, पण ते काही घुम्याचं काम नव्हतं.